कितवा चावा?

आमच्या कुत्र्याचं नाव भिया. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, भिया म्हणजे 'भैया'चं इंदुरी रूप. पोहेवाल्यापासून पोलिसापर्यंत इथे सगळे सगळ्यांना भिया म्हणतात. पिल्लू घरी आणलं त्या संध्याकाळी नावावरून बराच खल झाला. 'खंड्या' आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहिल्या फटक्यात बाद केलं. होळकरांच्या गावात राहायचं आणि कुलदैवताच्या नावाने कुत्र्याला हाका मारायच्या, हे त्यांना चालणार नव्हतं. तेवढ्यात दारातून दूधवाला ओरडला, "भिया, दूध!" आणि पिल्लाने कान टवकारले. झालं. तेव्हापासून रस्त्यावर कोणीही कोणाला हाक मारली की आमचा कुत्रा ओट्यावरून ओ देतो. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते तेव्हा तर दोन्ही बाजूंनी मैफल असते.

भिया पांढरा, केसाळ आणि सात किलोचा. आपल्याकडे ज्याला सरसकट पॉमेरियन म्हणतात आणि जो बहुतेकदा इंडियन स्पिट्झ असतो, तो. वजन मुद्दाम सांगितलं. हाच कुत्रा तीस किलोचा असता तर ही गोष्ट सात वर्षांपूर्वीच लिहावी लागली असती. सात किलोचं कुत्रं चावलं की लोक हसतात. आम्हीही हसलो.

रामबागेतलं आमचं घर जुनं आहे. खाली मी, शिरीष आणि आई. वर दीर नितीन, जाऊ स्वाती आणि त्यांची सहा वर्षांची मिहू. मधे एकच जिना, त्याला दार नाही. मिहू रोज संध्याकाळी आजीच्या हातचा वरणभात खायला खाली उतरायची, पायऱ्या मोजत. सतरा आहेत, पण ती नेहमी अठरा मोजायची.

देवदिवाळीच्या संध्याकाळी भिया झोपाळ्याखाली झोपला होता. मिहूने वाकून त्याच्या गळ्यात हात टाकले आणि गालाला गाल लावला. आजवर शंभरदा तसं केलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, म्हणजे पाहत होते. भिया गुरगुरला नाही, भुंकला नाही. फक्त डोळ्याच्या कोपऱ्यातला पांढरा भाग मोठा झाला आणि तो अगदी स्तब्ध झाला. मला वाटलं, किती शहाणा आहे, कसा लाड करून घेतोय. पुढच्या क्षणी मिहूच्या गालावर दोन भोकं होती. एक ओठाच्या अगदी जवळ.

आईंनी तिखटाचा डबा काढला. माळव्यात कुत्रं चावलं की जखमेवर तिखट भरायची जुनी रीत आहे, आणि ती अगदी चुकीची आहे. पण त्याच आईंना माझे हातपाय गळालेले दिसले तेव्हा डबा तसाच ओट्यावर ठेवून त्या ओरडल्या, "काय बघून राहिलीस, नळ सोड!" साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं. नियम सोपा आहे, पण किंचाळणाऱ्या पोरीचा गाल नळाखाली धरून पंधरा मिनिटं काढून पाहा. स्वाती तिला धरून होती. घड्याळाकडे पाहायचं काम माझ्याकडे होतं. त्या सगळ्या वेळात स्वाती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

हुकुमचंद पॉलिक्लिनिकला सगळं इंदूर लाल अस्पताल म्हणतं. कुत्रं चावलं की गाव तिकडे जातं. तिथल्या रांगेत उभं राहिलं की कळतं, या शहरात रोज किती पोटऱ्या आणि किती हात सापडतात ते. मिहूची जखम चेहऱ्यावरची, रक्त आलेली, म्हणजे तिसऱ्या श्रेणीची. लसीच्या जोडीला जखमेच्या कडेकडेने इम्युनोग्लोब्युलिन टोचावं लागलं. लस शरीराला लढायला शिकवते, पण शिकायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात विषाणूला जखमेतच अडवण्यासाठी हे तयार शिपाई. टाके लगेच घालत नाहीत. मग लसीच्या तारखा: आज, तिसरा दिवस, सातवा, अठ्ठाविसावा.

भियाचं लसीकरण वेळेवर झालेलं होतं, पुस्तिकेत आठ महिन्यांपूर्वीचा शिक्का होता. तरी कोणी धोका पत्करला नाही आणि ते योग्यच झालं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस परत येत नाही, जवळपास कधीच नाही. आईंना त्यांच्या भावाची आठवण आली. पन्नासच्या दशकात त्याला बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस 1911 साली कसौलीत सेंपल नावाच्या डॉक्टरने तयार केली, आणि आपल्याकडे ती 2004-05च्या सुमारास बंद झाली. आई तिथल्या बाकावर बसून मिहूला तीच गोष्ट सांगत होत्या, "तुला तर नुसतं दंडात, बिट्टू, ते पण एवढुसं." मिहूने विचारलं, "भियाला पण टोचणार?" त्यावर कोणीच काही बोललं नाही.

निघताना डॉक्टरांनी सांगितलं, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. मारू नका, सोडू नका, कुणाला देऊ नका. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो त्याला लक्षणं दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी, आणि लक्षणं दिसल्यावर ते कुत्रं फार दिवस काढत नाही. म्हणजे दहाव्या दिवशी भिया धडधाकट असेल, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. आमच्याकडे दहा दिवसांचे हिशेब दोनच, एक गणपतीचा आणि एक सुतकाचा. हा तिसरा. भियाला मागच्या खोलीत बांधला आणि घर त्याच्या दाराबाहेर बसून विचार करू लागलं.

सल्ले आले. शेजारच्या वकीलकाकांनी भारतीय न्याय संहितेचं कलम 291 सांगितलं. पाळीव जनावराबाबत हलगर्जी केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "म्हणजे नितीनने शिरीषवर केस करायची?" मी विचारलं. ते म्हणाले, कायदा माहीत असावा. आणखी कोणी सुचवलं, राळामंडलच्या जंगलाकडे सोडून या, तिकडे काय बाकीची कुत्री आहेतच. मात्र पाळलेलं जनावर असं टाकून देणं हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे सांगायला वकीलकाका विसरले. शिवाय झोपाळ्याखाली झोपणारं सात किलोचं कुत्रं त्या जंगलात एक रात्र तरी काढेल का?

बायपासच्या पलीकडून एक ट्रेनर आला. म्हणाला, कुत्रा तुम्हाला आपल्यापेक्षा खालचा समजतो, त्याला उताणा पाडून दाबून धरा, कळू द्या घरात अल्फा, म्हणजे म्होरक्या, कोण ते. हे अल्फाचं प्रकरण मी नंतर शोधून वाचलं. रुडॉल्फ शेंकेल या शास्त्रज्ञाने 1947 साली पिंजऱ्यात कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून ते मांडलं. पुढे ज्यांच्या लिखाणामुळे ते जगभर गेलं, त्या डेव्हिड मीच (Mech) यांनीच 1999 साली लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं, तिथे अशी गादीची भांडणं सहसा नसतात. पण बायपासपलीकडे ते अजून पोचलेलं नाही. पाचशे रुपये घेतले आणि गेला.

आणि मग शेत. प्रत्येक चावऱ्या कुत्र्याच्या कहाणीत एक शेत असतं. शिरीषच्या मित्राचं सांवेरकडे आहे. "मोकळा राहील, खूश राहील." माझ्या लहानपणी देवासला आमच्याकडे मोती होता. तो शेजारच्या आजोबांना चावला आणि बाबा त्याला 'ओळखीच्या मळ्यावर' सोडून आले. साखळी तेवढी परत आली, दाराजवळच्या खिळ्याला कितीतरी वर्षं लटकत होती. पुढे कधीतरी त्या रस्त्याने बसने जाताना मी विचारलं, "बाबा, यातला मळा कुठला?" बाबांनी मान दुसऱ्या खिडकीकडे वळवली. तेव्हापासून मला शेत नको असतं. तरी चौथ्या रात्री मी शिरीषला म्हटलं, विचार मित्राला. थकले होते.

मित्र आनंदाने हो म्हणाला. "पाठव ना, सालदाराची तीन पोरं आहेत तिथे, त्यांच्याशी खेळेल."

शिरीषने फोन ठेवला आणि मला ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. आम्ही दोघंही गप्प बसलो. आमच्या घरातल्या एका पोरीचा गाल फाटला म्हणून आम्ही कुत्रा तीन पोरांच्या घरात पाठवायला निघालो होतो, आणि त्याला मोकळी हवा म्हणत होतो.

पाचव्या दिवशी चंपाषष्ठी होती. आईंनी वांग्याचं भरीत आणि रोडगे केले. खंडोबाच्या नैवेद्यानंतर कुत्र्याचा वाटा काढायची पद्धत आहे, दर वर्षी भियाचा निघतो. मिळतो त्याला नुसता रोडगा, कारण भरतात कांदा असतो आणि कांदा कुत्र्याला विष. त्या दिवशी आईंनी पान वाढलं आणि हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना रोज हात जोडणारी बाई. म्हणाल्या, "मी नाही नेत. तू ठेवून ये." मी रोडगा ठेवला. भियाने तो तोंडात धरला, मान वाकडी केली आणि डाव्याच बाजूने चावू लागला. कित्येक महिने तो असाच खात होता. आम्हाला ती त्याची ऐट वाटायची.

दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेलं. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या बाई, मितभाषी. भियाला हात लावायच्या आधी त्यांनी वही उघडली.

"हा कितवा चावा?"

"पहिलाच," शिरीष म्हणाला. खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

मी म्हटलं, "पाचवा."

आदल्या रात्री झोप येईना म्हणून मोजले होते. पहिला शिरीषचाच, अंगठ्याला, भिया दोन वर्षांचा असताना, खाण्याच्या वाडग्यावरून. दुसरा कुरियरच्या मुलाचा. त्याची पँट फाटली, पोटरीवर ओरखडा आला, आम्ही पँटचे पैसे दिले आणि 'तुमच्या पार्सलात काय सोनं होतं का' असा विनोद केला. तिसरा मीटर वाचायला येणाऱ्या माणसाच्या हाताला. चौथा लीलाबाईंच्या टाचेला.

लीलाबाई अकरा वर्षं आमच्याकडे झाडूपोछा आणि भांडी करतात. दोन वर्षांपूर्वी त्या ओट्यावर पाणी टाकत होत्या आणि भियाने मागून टाच धरली. रक्त आलं. मी डेटॉल दिलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या म्हणून दोनशे रुपये दिले. "कई नी, भाभी, जरा-सो लाग्यो," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजर. त्यांनी इंजेक्शन घेतलं की नाही हे मी विचारलं नाही. लाल अस्पतालचं नाव माझ्या तोंडात आलं नाही. पंधरा मिनिटं नळाखाली टाच धरायला मी घड्याळ पाहिलं नाही. घरात तेव्हा कोणाची बैठक बसली नाही, शेत निघालं नाही, कलम निघालं नाही. भियाला ओरडलेसुद्धा नाही मी, कारण संध्याकाळी पाहुणे येणार होते.

भिया त्यानंतर दोन वर्षं जिवंत आहे, म्हणजे लीलाबाईंना त्या चाव्यातून रेबीजचा धोका नव्हता. पण हे गणित मला त्या आठवड्यात कळलं. त्या वेळी मला काहीच माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यावंसं वाटलंही नव्हतं.

डॉक्टरांनी पाचही चावे लिहून घेतले, प्रत्येक वेळी कुठे, किती खोल, आधी गुरगुरला का. चावे मोजायची इयान डनबार या पशुवैद्यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी असते. नुसतं अंगावर जाणं ही पहिली पायरी, जीव जाणं ही सहावी. मिहूचा चावा तिसऱ्या पायरीवर बसला: एकाच चाव्यात एक ते चार भोकं, पण सुळ्याच्या अर्ध्या लांबीपेक्षा उथळ.

"गुरगुरायचा का आधी कधी?"

"हो, खूप. वाडग्याजवळ कोणी गेलं की," शिरीष म्हणाला. "पण ती सवय आम्ही मोडली."

"कशी?"

शिरीष माझ्याकडे पाहू लागला. नईदुनिया पेपरची गुंडाळी करून. गुरगुरला की नाकावर फटका. तीन-चार महिन्यांत गुरगुरणं थांबलं आणि आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो, आधी फार तापट होता, आता सुधारला.

बाई लिहितालिहिताच म्हणाल्या, "हॉर्न काढून टाकलात. ब्रेक कुठे बसवलात?"

मग त्यांनी भियाचा उजवा ओठ उचलायचा प्रयत्न केला आणि तो विव्हळला. झोप देऊनच तपासावं लागलं. वरची मोठी दाढ, डोळ्याच्या बरोबर खालची, उभी चिरलेली. तिला तीन मुळं असतात, आणि तिन्हींच्या बुडाशी पू झाला होता. असं बहुतेकदा फार कडक काही चावल्याने होतं. मला लगेच आठवलं: दुकानातून आणलेलं चघळायचं हाड. आईंनी 'सोवळ्याच्या घरात हाड?' म्हणून दोन दिवस अबोला धरला होता आणि मी त्यांना हसले होते. मिहूने गाल लावला होता तो याच बाजूला.

दाढ काढली. डॉक्टरांनी ती एका छोट्या वाटीत दाखवली, तपकिरी, एका बाजूची कपची उडालेली. घरी सगळ्यांना केवढं हायसं वाटलं! बिचारा, दुखत होतं त्याला. आई तर रडल्या. शिरीष जो भेटेल त्याला दाढेची गोष्ट सांगू लागला. मला मात्र हायसं वाटेना. दाढ फार तर वर्षभराची. मीटरवाल्याच्या वेळी कुठली दाढ होती? दाढेने पाचवा चावा कळतो. पहिले चार आमच्याच खात्यावर राहतात.

'त्या' इंजेक्शनबद्दल शिरीषने विचारलं नाही, मी विचारलं. बाई म्हणाल्या, "आज मी देणार नाही. पण कधीच देणार नाही, असंही म्हणत नाही. दुखणं गेलं, नियम पाळले आणि तरी न सांगता पुन्हा असा चावला, तर घरात लहान मूल आहे हे विसरून चालणार नाही. तेव्हा शेत शोधू नका. इकडे या." इतकं स्वच्छ त्या दहा दिवसांत दुसरं कोणी बोललं नव्हतं.

दहाव्या दिवशी भिया ठणठणीत होता. संध्याकाळी स्वाती खाली आली. आम्हाला वाटलं भांडेल, मी तर मनातल्या मनात उत्तरंही तयार ठेवली होती. ती झोपाळ्यावर बसली, पण झोका घेतला नाही. म्हणाली, "ताई, तो मरावा असं नाही मला. पण रोज जिना उतरताना खाली आवाज कुठून येतोय हे ऐकत उतरायचं, ते नाही होणार माझ्याच्याने." माझ्या तयार उत्तरांपैकी एकही या वाक्याला लागू पडत नव्हतं.

मग लोखंडी जाळीचं दार आलं, जिन्याच्या तोंडाशी. मल्हारगंजच्या वेल्डरने दोन दिवसांत करून दिलं, कडी मिहूचा हात पोचणार नाही इतकी उंच. मिहू खाली असेल तेव्हा भिया मागच्या खोलीत, मधे दोन दारं आणि त्यातलं एक कायम बंद. वाडगा बंद खोलीत, तो खाताना कोणी जवळ जायचं नाही. गुरगुरला तर थांबायचं आणि मागे व्हायचं. नईदुनिया आता फक्त वाचायचा. आणि मुसकं. बैलाला मळणीच्या वेळी बांधतात तसं, पण टोपलीसारखं, ज्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. ते एकदम चढवायचं नसतं. आधी नुसतं समोर ठेवायचं, मग आतून साय लावून त्याला स्वतःहून तोंड घालू द्यायचं, पट्टा कितीतरी दिवसांनी. भियाला तीन आठवडे लागले. आता मुसकं दिसलं की साय मिळणार म्हणून नाचतो. आई म्हणतात, माणसांनाही असंच शिकवायला हवं. कोणाबद्दल ते सांगत नाहीत.

एका महिन्यानंतर तो पुन्हा गुरगुरला. वाडगा उचलायला शिरीष चुकून वाकला होता. बारीकसा, घशातल्या घशात, सात वर्षांनी. शिरीष दोन पावलं मागे सरकला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ऐकलंस?" मुलाचा पहिला शब्द ऐकल्यासारखा चेहरा होता त्याचा.

मिहू संध्याकाळी खाली येते, पण रोज नाही. गालावर दोन पांढुरके ठिपके राहिलेत, हसली की खळीसारखे दिसतात. जाळीपाशी थांबून ती ओरडते, "भिया बांधलाय का?" आम्ही हो म्हटलं तरी स्वाती वरून पुन्हा विचारते.

लीलाबाईंशी बोलायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. एका सकाळी चहा देताना म्हटलं, दोन वर्षांपूर्वी मी तुम्हाला अस्पतालात न्यायला हवं होतं. चुकलं माझं. त्या माझ्याकडे अशा पाहत राहिल्या, जणू मी कुठल्या तरी दुसऱ्याच बाईबद्दल बोलतेय. मग बशीत चहा ओतत म्हणाल्या, "अब कई, भाभी." मी नवे नियम सांगितले. तुम्ही यायच्या आधी भिया मागे बांधलेला असेल, कडी तुम्ही स्वतः पाहायची, मगच आत यायचं.

इतकी वर्षं त्या आल्या की आधी दारामागचा झाडू उचलतात आणि तो पुढे धरूनच घरात फिरतात. ओटा, बैठक, मोरी. मला वाटायचं, बाई कामाची घाई करणारी आहे. आता रोज आठ वाजता त्या मागच्या दारापर्यंत जातात, कडी हाताने हलवून पाहतात, परत येतात. झाडू अजून पुढेच असतो.